ओली काडी

३ जानेवारी १९५६

मोडली. काल दुपारी मळ्यावर, पंचांच्या देखत. झालं एकदाचं!

आता नवऱ्याचं नाव लिहायला हरकत नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. पण काडी मोडल्यावर ते नवरेच राहिले नाहीत. तर लिहिते — भगवंतराव. सात वर्षांत पहिल्यांदा. 

बायकांनी पंचांसमोर बसायचं नसतं. मी आत, चुलीपाशी, भिंतीकडे तोंड करून. बाहेर ओट्यावर पुंजाजी आणि बाकीचे पंच, आसेगावहून आलेला माझा भाऊ, आणि भगवंतराव. पुंजाजींनी तीनदा विचारलं, अजून जमवून घेता येतं का. तीनदा भगवंतराव मूग गिळून बसले. कारंजाच्या शाळेत नेमणूक झाल्याचा कागद आला तेव्हाही असेच बसले होते. जा म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत. त्यांच्या आई, आवडाबाई, तेवढ्या म्हणाल्या की माळ्याच्या सुनेनं खुरपं धरावं, खडू नाही. त्या बाईचा मला राग आला नाही. ती बोलली तरी! राग आला तो न बोलणाऱ्याचा. मी कारंजाला येऊन वर्ष झालं, तरी हा माणूस बोलायला तयार नाही.

म्हणून मीच आतून ओरडले. "मोडा म्हणावं एकदाची!" सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मग बराच वेळ काहीच नाही. मग कट्. एवढासा आवाज. मला वाटलं होतं मोठा येईल.

त्यानंतर वच्छीचं. सहा वर्षांची पोर. रीत म्हणते बापाची, मी म्हणते माझी. पुंजाजींनी मधला रस्ता काढला — एक बाजार मायजवळ, एक बाजार बापाजवळ. कारंजाच्या आठवडी बाजारात द्यायची, तिथंच घ्यायची. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पंच पुन्हा बसतील आणि कायमचं ठरवतील.

अखजीला मी तिला सोडणार नाही. हे इथे लिहून ठेवते.

मी बाहेर आले तेव्हा वच्छी आवडाबाईंच्या मांडीवर होती. तळहात खरचटलेला, धूळ भरलेली. काय लागलं विचारलं तर हात मागे लपवला.

७ जानेवारी

पहिला बाजार. भगवंतराव नेहमीच्या जागी, पोतं अंथरून — वांगी, मेथी, भेदरं म्हणजे टमाटे. मी चिंचेखाली उभी राहिले. त्यांच्याजवळ जाणार नाही, हे मी ठरवलं होतं. माझ्या सोबतीला राहणारी गोजरामावशी म्हणाली, चार पावलं गेलीस तर पाय झिजतील का? नाही गेले. वच्छीला म्हटलं, जा, ते बघ बाबा.

मधे गुळाच्या ढेपा रचलेल्या असतात. तिथपर्यंत गेली, थांबली, मागे पाहिलं. मी हात हलवला. मग गेली.

मेथी घ्यायची होती. भगवंतरावांची ताजी होती, दव वाळलं नव्हतं. मी दुसरीकडची घेतली, जून, पिवळ्या पानांची. मावशी ती निवडताना माझ्याकडे बघत होती. बघू दे.

८ जानेवारी

घर केवढं आहे हे! एका खोलीचं, तरी.

१४ जानेवारी

संक्रांत. वच्छी आली. पिशवीत तिळाचे लाडू, आवडाबाईंचे. केसांना तिकडचं तेल, दोन घट्ट वेण्या. मी वेण्या सोडल्या, न्हायला घातलं आणि आपलं तेल लावून पुन्हा घातल्या. पोर मुकाट बसून होती. मला लाज वाटली, पण घातल्या.

लाडू बरे झाले होते.

१९ जानेवारी

गोजरामावशीनं सकाळी दातुनासाठी कडुनिंबाची काडी मोडली. वच्छी दोन्ही कानांवर हात ठेवून कोपऱ्यात. मावशी चकित. रोजच असं करते म्हणाली, मी आंघोळीला गेलेली असते म्हणून मला ठाऊक नाही.

मावशीचं म्हणणं, दृष्ट लागली. मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका सगळ्यांना लागला. वच्छीलाही लागला, म्हणजे दृष्ट नव्हतीच म्हणे.

३० जानेवारी

मी हे लिहिणार नव्हते. पण मग ही वही कशाला?

शाळेला उशीर झालेला. स्टोव्हवर चहा ठेवायचा होता. वच्छीला म्हटलं, काडी दे. कोनाड्यात काडेपेटी, तिच्या हाताच्या अंतरावर. हलली नाही. दुसऱ्यांदा म्हटलं, वच्छे, काडी दे. भिंतीला चिकटून उभी, ओठ मिटलेले. अगदी बापासारखे! मला तेच दिसलं. तेच न बोलणारं तोंड.

मारलं. गालावर. बोटं उठली.

रडली नाही. मावशीनं येऊन काडेपेटी दिली आणि माझ्याकडे न बघता गेली. शाळेत दिवसभर चाळीस पोरी होत्या, एकीलाही हात लावला नाही मी. शाळेत मी कोणाला मारत नाही. सगळे म्हणतात, बाई शांत आहेत.

१ फेब्रुवारी

गालावरची खूण गेली. मी आता "काडेपेटी" म्हणते, स्वतःच उठते, स्वतःच घेते. तिच्याशी "काडी" शब्दच काढत नाही. काय आहे ते कळत नाही.

४ फेब्रुवारी

बाजार. दिली.

१५ फेब्रुवारी

पहिलीला मी दर आठवड्याला अक्षरांची एक ओळ पुन्हा गिरवून घेते. वच्छी वर्गात मागे बसते. आज तिची पाटी पाहिली. क ख ग घ — सुरेख. त्यानंतर च छ ज झ नाहीच, त्या आठवड्यात ती मळ्यावर होती. ट ठ ड ढ येतं. त थ द ध येत नाही, पुन्हा मळ्यावर. प फ ब भ आता चाललंय.

म्हणजे "बाबा" लिहिता येतं. "आई" येतंच, तेवढं मी आधी शिकवलेलं. आणि स्वतःचं नाव अडतं, कारण "वच्छला" मधले व आणि ल तिला येतात, पण च आणि छ च्या आठवड्यात ती इथे नव्हती.

एका बैठकीत शिकवता येतील. शिकवीन उद्या. आज नुसती पाटी धरून बसले.

१८ फेब्रुवारी

शिकवलं. नाव लिहिलं तिनं. पाटी बापाला दाखवायला घेऊन गेली. मी चिंचेखालून पाहिलं — त्यांनी पाटी सरळ धरली, उलटी धरली, पुन्हा सरळ. त्यांना वाचता येत नाही. तरी मान हलवली आणि तिला पोत्यावर शेजारी बसवलं, पाटी वांग्यांवर उभी करून ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून.

मी तोंड फिरवलं. रागच म्हणायचा.

२८ फेब्रुवारी

वच्छीचं पुस्तक भिजलं. पिशवी उघडली तर आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली कडुनिंबाची डहाळी! हिरवी, पेन्सिलीएवढी. हे काय? दातुनाला भिते आणि डहाळ्या गोळा करते! फेकून दिली. फडकं पिळून वाळत घातलं.

संध्याकाळी बघते तर पिशवीत दुसरी. फडकं पुन्हा ओलं.

मावशी म्हणते राहू दे, पोराचा खेळ. पण खेळताना पोर हसतं. ही सकाळ-संध्याकाळ फडकं भिजवते, आणि चेहरा असा की कोणी काम सांगून गेलंय.

३ मार्च

जेवण कमी झालं. अर्धी भाकर, तीही मावशीच्या धाकानं. तिकडे जेवते का? कोणाला विचारू? विचारायचं तर चिंचेखालून उठावं लागेल.

१७ मार्च

आज फार वाईट झालं.

बाजारात नेहमीप्रमाणे वच्छीला म्हटलं, जा. गुळाच्या ढेपांपर्यंत गेली आणि थांबली. मला वाटलं मागे बघेल. बघितलं नाही. पुढेही गेली नाही. पिशवी छातीशी धरून तिथंच उभी. माणसं बाजूनं जात होती, एक बैल गेला. गुळवाल्यानं तिला खडा दिला, तोही घेतला नाही.

मी हाक मारली नाही. तिकडे भगवंतराव उठून उभे, त्यांनीही मारली नाही. ज्यानं हाक मारली त्यानं ओढली, असं झालं असतं. निदान माझ्या मनात हेच होतं. दोघंही मोठी शहाणी! पोर उन्हात उभी!

शेवटी गोजरामावशी तणतणत गेली, तिला उचललं आणि भगवंतरावांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. परत येऊन मला म्हणाली, "तुमी दोघं मान्सं हा का खांब व?"

जेवले नाही.

२६ मार्च

होळी. गल्लीत पोरांनी चाकोल्यांच्या माळा आणल्या, शेणाच्या, नेहमीसारख्या. लाकडं, तुराट्या. आमच्या घरापुढेच ढीग. शेजारच्या मुलीनं हातातली वाळकी काडी मोडून दोन तुकडे ढिगात टाकले आणि वच्छी धावली. तुकडे बाहेर ओढले. ती मुलगी हिसकायला लागली तर वच्छी तिच्या मनगटाला कडाडून चावली. रक्त!

सगळी गल्ली गोळा. कोणीतरी बोललंच, मास्तरणीची पोर आणि हे वळण. दुसरी म्हणाली, नवरा सोडला की असंच व्हायचं. मी वच्छीला ओढत आत आणलं. मारलं नाही. त्या दिवसानंतर हात उचलायचा नाही असं ठरवलंय. पण ओरडले, पुष्कळ.

ती ते दोन तुकडे फ्रॉकच्या घोळात धरून बसली होती. एकाला एक लावून बघत होती.

हे सगळं मळ्यावरून येतंय. कोणीतरी काहीतरी भरवलंय तिच्या डोक्यात. आवडाबाईच असणार! बाजारी जाऊन तोंडावर विचारणार. चिंच गेली खड्ड्यात.

३१ मार्च

विचारलं.

चालत गेले, थेट पोत्यापुढे उभी राहिले. वच्छीला मावशीबरोबर बांगड्यांच्या दुकानाकडे पाठवलं होतं. म्हटलं, काय शिकवता हो पोरीला? काडी म्हटलं की तिच्या अंगात येतं. माणसाला चावली ती.

भगवंतराव मेथीच्या जुड्या बांधत होते. हात थांबला. जुडी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुले मालूमच नाई?"

सात वर्षांत हा माणूस माझ्याशी एका दमात एवढं बोलला नव्हता. जसं ऐकलं तसं लिहिते.

"पुंजाजीनं म्हटलं, काडी आना कोनी. कोनीच उठलं नाई. तुहा भाऊबी नाई, मीबी नाई. मले वाटलं, कोनी आनलीच नाई तं मोडतीन काय? मंग आतून तुहा आवाज आला, मोडा म्हनून. वच्छी तिथंच खेयत व्हती. पयत गेली, कुपातली पऱ्हाटीची काडी वढून आनली, अन् पुंजाजीच्या हातात देल्ली. हासत व्हती. मायनं सांगतलेलं काम केलं म्हनून."

पुंजाजी काडी घेईनात म्हणे. पोरीच्या हातची कशी घ्यावी. पण एकदा आणली ती आणली. मोडली. कट् झालं तेव्हा वच्छी त्यांच्यासमोरच उभी होती. मग पंच उठले, बायका रडायला लागल्या, आणि तिला कळलं हे काय झालं ते.

मी आत होते. भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं काडी पंचांनीच आणली असेल, पागोट्यात खोचून आणत असतील घरून!

विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, सगळ्यांनी पाहिलं, तुलाही ठाऊक असेल वाटलं. आणि हळूच म्हणाले की मळ्यावरही ती चुलीला तुराट्या आणत नाही, म्हणून ते तिला सांगतच नाहीत. स्वतः आणतात. आईलाही बजावलंय.

ते न सांगता समजले आणि काडी मागायचे थांबले. मी गालावर मारलं.

परतताना त्यांनी वांगी दिली, पदरात. घेतली.

२ एप्रिल

वच्छी तिकडे. मी इथे. बोलायचंय तर ती नाही. असे पाच दिवस काढायचे आहेत अजून.

तो तळहात! खरचटलेला. कुंपणातली पऱ्हाटी, कपाशीची वाळकी काडी, ओढताना.

७ एप्रिल

आली. बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं, भूक लागली का?

९ एप्रिल

आजही नाही झालं. पोरींना रोज धडा समजावून सांगणारी बाई मी. मलाच कळेना कुठून सुरुवात करू.

१२ एप्रिल

पाडवा. गुढी उभारली. कडुनिंबाची पानं वाटून सगळ्यांनी खाल्ली. वच्छीनं तोंड वाकडं केलं, मला हसू आलं. मग तिनं गुढीची एक कोवळी डहाळी काढून घेतली, हंड्यातल्या पाण्यात फडकं बुडवलं आणि गुंडाळायला बसली. मी तिच्याजवळ खाली बसले. म्हटलं, दे, मी घट्ट बांधून देते. दिली.

बांधता बांधता विचारलं, ही कशाला गं?

गाठ बसेपर्यंत बघत राहिली. मग सांगितलं. पंच अखजीला पुन्हा बसणार आहेत, पुन्हा काडी मागतील. तेव्हा ही द्यायची. तिनं करून पाहिलंय, ओली वाकते, मोडत नाही.

आणि मग, माझ्याकडे न बघता, "मी वायली आनली म्हनून मोडली. ओली आनली असती तं मोडली नसती, माय."

सव्वातीन महिने ही पोर हे घेऊन हिंडते आहे. या घरून त्या घरी, त्या घरून या घरी. फडकं भिजवते. आणि मी पुस्तक भिजलं म्हणून ओरडते!

मी तिला मांडीवर घेतलं. शाळेतली भाषा कुठच्या कुठे गेली. म्हटलं, "वच्छे, काडी तू नाई आनली. मी मांगतली. मी वरडली म्हनून तू गेली. तुही काई चूक नाई. माही हाय."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. पाटीवरचं अवघड अक्षर बघावं तसं.

"तू मांगतली?"

हो म्हटलं.

"काहून?"

मी बांधलेली डहाळी तिच्या हातात दिली.

१३ एप्रिल

दीड भाकर खाल्ली. न सांगता. मावशीनं दातून मोडलं तेव्हा खेळत होती, मान वर केली, पुन्हा खेळायला लागली. संध्याकाळी मी कंदिलाजवळ गेले तर काडेपेटी आणून हातात दिली. स्वतःहून!

मावशी म्हणाली, मिरच्यांचा गुण उशिरा आला. येऊ दे. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

डहाळी मात्र अजून भिजवते. विचारलं तर म्हणाली, असू दे.

१४ एप्रिल

गुळाच्या ढेपांपाशी थांबली नाही. पळत गेली बापाकडे. बरं झालं. बरंच झालं म्हणायचं.

२२ एप्रिल

काल आली ती बोलतेच आहे! मळ्यातल्या वांग्याला कीड लागली. आवडाबाईंचा गुडघा दुखतो. मोटेचा एक बैल लंगडतो, त्याला बाबा हळद लावतात. बाबांनी तिच्या नावाचा एक वाफा केला आहे, त्यात कोथिंबीर तिनं पेरली, ती उगवली का हे बघायचं राहिलं. बाबा, बाबा, बाबा.

एवढ्या महिन्यांनी बोलते आहे. ऐकायला गोड लागतं आणि टोचतं.

२४ एप्रिल

आज वेणी घालत होते. पाठमोरी होती. म्हणाली, "मी बाबाजवळ राहू?"

राहतेच की, म्हटलं, एक बाजार. ती म्हणाली, नाही, रोज. मी विचारलं नाही का म्हणून. तिनंच सांगितलं.

"बाबानं मांगतली नोती."

वेणी पुरी केली. रिबीन बांधली. चांगली घट्ट.

२५ एप्रिल

वाटतं सांगावं तिला. तुझ्या बापानं मागितली नाही, खरं आहे. पण नको म्हणाला का? तीन वेळा पुंजाजींनी विचारलं, एकदा तरी तोंड उघडलं का? एक शब्द बोलले असते तर मी ओरडले नसते. काडी मी मागितली आणि त्यांनी मोडू दिली. अर्धी अर्धी आहे ती!

खरंच आहे हे. तिला सांगितलं तर तिला पटेलही.

मावशीला बोलून दाखवलं. तिनं तांदूळ निवडता निवडता एवढंच म्हटलं, "पोरीले एका बापाची तरी आस राहू दे व."

२६ एप्रिल

नाही सांगितलं.

५ मे

शाळेला सुट्टी लागली. आली. पिशवीत कोथिंबिरीची जुडी, तिच्या वाफ्यातली. पुरी नव्हती झाली, एवढीशी होती, उपटून आणली माझ्यासाठी. भाजीवर घातली. भरपूर घातली.

अखजीला आठ दिवस. भाऊ निरोप पाठवतो की घाबरू नकोस, तू कमावती आहेस, पंच तुझं ऐकतील. पुंजाजी आता म्हणतात, पोरीलाच विचारू, ती म्हणेल तसं.

पोरीलाच विचारू! सगळ्यांसमोर, ओट्यावर उभी करून. बोल कोणाजवळ राहतेस. ती खरं बोलेल, तिला खोटं येत नाही. माझ्यासमोर म्हणेल, बाबाजवळ. आणि कट् असा आवाज पुन्हा होईल, आणि पुन्हा तिनंच आणलेली काडी. मोठी झाल्यावरही ओलं फडकं घेऊन हिंडेल.

पहिल्या पानावर मी काय लिहिलं होतं ते काढून वाचलं.

१२ मे

बाजार. या वेळी मी तिला दिली नाही, बरोबर निघाले. भगवंतरावांच्याच बैलगाडीत, रिकाम्या टोपल्यांमधे. उद्या पंच, म्हणून. वच्छी दोघांच्या मधे बसली होती. वाटभर बडबड. एक डोळा माझ्यावर, एक त्यांच्यावर. आम्ही दोघं तिच्याशी बोलत होतो, एकमेकांशी नाही.

मळ्यावर आवडाबाईंनी पाट मांडला, वाढलं. काही टोचून बोलल्या नाहीत. वच्छीनं हाताला धरून वाफा दाखवला. नवी कोथिंबीर पेरली आहे.

१३ मे

अखजी. झालं.

आज मी आत बसले नाही. बाहेर ओट्याखाली जाऊन उभी राहिले, डोक्यावर पदर घेऊन. पंचांनी एकमेकांकडे बघितलं.  पुंजाजींनी वच्छीला जवळ बोलावलं, तोंड उघडलं. मी त्यांच्या तोंडातला शब्द बाहेर पडू दिला नाही.

पुंजाजींना म्हटलं, "आबाजी, पोरीले इचारू नका. माहं ऐका. पोरगी बापाजवळ राहीन. हे मी सांगतो, ती नाई."

भाऊ ताडकन उठला. आवडाबाई दारात होत्या, त्यांनी तोंडावर हात घेतला. भगवंतराव — बोलले! दसऱ्याले अन् दिवाळीले पोरगी तुह्याजवळ, म्हणाले, अन् दर बाजाराले भेटन. लवकर सुचलं. एवढंच आधी सुचलं असतं तर!

काडी कोणी मागितली नाही. लागलीच नाही. वच्छी इकडून तिकडे बघत होती, हाताची मूठ रिकामी. आता लिहिताना लक्षात येतं, ती डहाळी तिनं आणलीच नव्हती.

निघताना मला चिकटली. मग सोडलं. भावानं गाडीनं कारंजाला आणून सोडलं. मला उतरवून लगेच गाडी वळवली. 

१४ मे

सकाळी फडताळ उघडलं. वच्छीचा छोटा पेला, त्यात पाणी, त्यात कडुनिंबाची डहाळी. हिरवी.

मावशीला विचारलं. म्हणाली, वच्छी निघायच्या दिवशी ठेवून गेली, आणि तुझ्यासाठी निरोप सांगून गेली होती. मावशीच विसरली. निरोप असा —

"मायले सांग, पानी बदलत जाय. तिले कोनी काडी मांगतली, तं हे दे म्हना."

पाणी बदललं.